हाय हील्स आणि पायाचं आरोग्य

हाय हील्स म्हणजे टाच चवड्यापेक्षा बरीच वर उचललेली चप्पल, सँडल किंवा बूट. पेन्सिल हील, ब्लॉक हील, वेजेस, प्लॅटफॉर्म असे प्रकार दुकानात मिळतात, आणि साधारण ५ सेंटिमीटर म्हणजे दोन इंचांच्या वर टाच गेली की बऱ्याच अभ्यासांत ती हाय हीलमध्ये धरतात. पायदुखीचा विषय निघाला की सगळे उंचीबद्दलच बोलतात, पण चपलेचं पुढचं निमुळतं टोक आणि मापापेक्षा लहान नंबर घ्यायची सवय या दोन गोष्टी पायाचं तेवढंच वाटोळं करतात, बोटांच्या बाबतीत तर जास्तच, आणि हे मुलींना वेळेवर कुणी सांगत नाही.

टाचेची फॅशन मुळात बायकांची नव्हतीच. इराणचे घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून टाचेचे बूट घालायचे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास इराणचा राजा शाह अब्बास याचे राजदूत युरोपात गेले आणि तिकडच्या दरबारी पुरुषांनी ती पद्धत उचलली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या १७०१ च्या प्रसिद्ध चित्रात त्याच्या लाल टाचा स्पष्ट दिसतात. अठराव्या शतकात पुरुषांनी टाचा सोडल्या, बायकांकडे मात्र ती फॅशन टिकली. आजची बारीक पेन्सिल हील १९५० च्या दशकातली. एवढी बारीक लाकडी टाच वजनानं मोडायची, ती आत धातूची सळी घातल्यावर टिकायला लागली, आणि फ्रान्सच्या डिओर या फॅशन कंपनीसाठी काम करणारा रॉजे व्हिव्हिए, इटलीचा साल्वातोरे फेरागामो यांची नावं त्यासाठी घेतली जातात.

आता पायात नक्की काय होतं ते बघू. एका पावलात २६ हाडं आणि तीसेक सांधे असतात. सपाट उभं राहिल्यावर वजनाचा मोठा वाटा टाच घेते, टाच वर उचलली की तेच वजन चवड्यावर आणि अंगठ्याच्या मुळाशी येतं, आणि उंची वाढेल तसा तिथला दाब वाढत जातो. त्यात पाय उतारावर असल्यासारखा पुढे घसरतो आणि बोटं टोकात कोंबली जातात. म्हणून उंच आणि निमुळती अशी दोन्ही असलेली चप्पल सगळ्यात वाईट. तळव्याला घट्टे पडतात, बोटांवर कुरूप होतं, बोटं सांध्यात वाकून तशीच राहतात, अंगठ्याचं नख मांसात घुसतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटामधली नस दाबून दाबून जाड होते त्याला मॉर्टन्स न्युरोमा म्हणतात, चालताना चपलेत खडा असल्यासारखं टोचतं आणि बोटांत मुंग्या येतात. टाचेच्या मागे कडक काठ घासून टणक उंचवटा येतो तो वेगळाच.

सगळ्यात जास्त दिसणारा त्रास म्हणजे अंगठा बाकीच्या बोटांकडे झुकणं आणि त्याच्या मुळाशी हाड बाहेर येणं, डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. यात आनुवंशिकतेचाही भाग असतो, आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे सगळा दोष चपलेवर टाकता येत नाही. पण चपलेचा वाटा किती मोठा असू शकतो हे इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जुन्या दफनभूमींतून फार छान दिसलं. २०२१ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात १७७ सांगाडे तपासले होते. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत हा दोष ६ टक्के होता, चौदाव्या-पंधराव्या शतकात तो २७ टक्क्यांवर गेला, आणि मधल्या काळात तिकडे लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. गावाकडच्या दफनभूमीत ३ टक्के आणि शहरातल्या मठात, जिथे पैसेवाले पुरले जायचे, तिथे ४३! ते बूट सपाट होते आणि पुरुषही घालायचे, म्हणजे उंच टाच नसतानाही निमुळतं टोक एकटं काय करतं त्याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण आहे.

मापाचं म्हणाल तर १९९३ साली अमेरिकेतल्या पायाच्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं ३५६ बायकांचे पाय मोजले तेव्हा ८८ टक्के जणी पावलापेक्षा लहान बूट वापरत होत्या. वय वाढतं, बाळंतपण होतं तसं बऱ्याच जणींचं पाऊल थोडं पसरतं, पण आपण कॉलेजात ठरलेला नंबरच आयुष्यभर मागत राहतो.

पोटरीवर होणारा परिणाम हळू असतो म्हणून लक्षात येत नाही. २०१० च्या एका संशोधनात दोन वर्षं किंवा जास्त काळ नियमित ५ सेंटिमीटरच्या वर टाच घालणाऱ्या बायकांच्या पोटरीचे स्नायुतंतू सरासरी १३ टक्के आखूड झालेले आढळले, आणि टाचेमागची धोंडशीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, जाड व ताठ झाली होती. अशा बाईला सपाट चप्पल घातली की पोटरी ओढते, मग तिला वाटतं की आपल्याला हील्सच सूट होतात. गुडघ्याचं असं की १९९८ मध्ये हार्वर्डच्या डॉक्टर केरिगन यांनी हील्समुळे गुडघ्यावरचा पीळ सरासरी २३ टक्के वाढतो असं दाखवलं, आणि पुढच्या अभ्यासात रुंद ब्लॉक हीलनंही जवळपास तेवढाच वाढला. ब्लॉक हीलनं तोल सांभाळतो, घोटा मुरगळायची भीती कमी होते, गुडघा मात्र सुटत नाही. हील्समुळेच गुडघे झिजतात असं सिद्ध झालेलं नाही हेही सांगायला हवं.

सपाट म्हणजे सेफ असंही नाही. पातळ तळाच्या बॅलेरिना, गुळगुळीत स्लिपर यांनी टाचदुखी होऊ शकते, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना कळ येते ती. आपल्या कोल्हापुरीत बोटं मोकळी राहतात ही मोठी जमेची बाजू, पण तळ कडक आणि पायाच्या कमानीला आधार नाही, त्यामुळे टाच दुखत असेल तर दिवसभर तीच नको.

स्वतःच्या हौसेनं घालणं वेगळं आणि नोकरीसाठी घालावं लागणं वेगळं. लंडनमध्ये २०१५ साली निकोला थॉर्प या रिसेप्शनिस्टला सपाट बूट घातले म्हणून घरी पाठवलं, तिच्या याचिकेवर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या आणि ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं आणि फिलिपिन्सनं कामावर हील्सची सक्ती करायला बंदी घातली, २०१९ मध्ये जपानमध्ये युमी इशिकावा यांनी हीच मागणी लावून धरली. आठ-नऊ तास उभं राहायचं काम असलेल्या बाईच्या पायात काय असावं हे दुसऱ्या कुणी ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

चप्पल घ्यायची तर संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून बघावी, एक पाऊल बहुतेक वेळा मोठं असतं, माप त्याचं धरायचं. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढायची आणि चप्पल त्यावर ठेवायची, रेघ बाहेर दिसली तर ती चप्पल आपली नाही. "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नये. लग्नात, रिसेप्शनला तीन-चार तास हील्स घातल्यानं कायमचं काही बिघडत नाही, रोजच्या वापरानं बिघडतं. वर्षानुवर्षं हील्स घालणारीनं एकदम सपाटवर येऊ नये, उंची थोडी थोडी कमी करत पोटरी ताणायचे व्यायाम करावेत. डायबेटिस असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, चप्पल लागलेली कळतच नाही, म्हणून अशा बाईनं टोकदार किंवा अंगठ्यात घासणारी चप्पल टाळावी आणि रोज रात्री तळवे उजेडात तपासावेत.