मेळघाटात दोन रात्री: परवडेल अशा खर्चात जंगलातली कुटी

सेमाडोह आणि कोलकास इथल्या वनविभागाच्या निवासांत राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हे पत्रक आहे. आमचे काम परतवाड्यातून चालते. खोलीची नोंदणी, गाडी, सफारीची वेळ आणि जेवण एवढे आम्ही बघतो. कुट्या सरकारी आहेत, त्यामुळे भाडे वनविभागाने ठरवलेलेच लागते आणि पावती तुमच्याच नावाची असते. आमचा मेहनताना बिलात वेगळा लिहिलेला असतो. तो खोलीभाड्यात मिसळत नाही.

आधी खर्चाचे बोलू. खोलीचे भाडे खोलीवर असते, माणशी नव्हे. जिप्सीचेही तसेच: सहा जण बसले तरी भाडे तेवढेच. म्हणजे दोघांऐवजी सहा जण आलात तर सफारीचा माणशी खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दोघेच असाल तर तसे कळवा, त्याच दिवशी दुसरे कुटुंब असेल तर दोन्हीकडची संमती घेऊन एकाच गाडीत सोय करतो. शनिवार-रविवार टाळता आला तर खोली सहज मिळते. तरुण मंडळींचा गट असेल तर सेमाडोहची डॉरमेटरी सर्वांत स्वस्त पडते. आणि एकच सफारी घ्या. दोन दिवसांत चार सफाऱ्या करणारे पाहुणे पैसेही जास्त घालवतात आणि दमूनही जातात. ज्या जंगलात राहायला आलो तिथे निवांत बसायला त्यांना वेळच उरत नाही.

वाघाबद्दल स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता. वाघ इथे आहेत, पण जंगल डोंगराळ आणि दाट आहे, दऱ्या खोल आहेत. ताडोब्यासारखा वाघ इथे सहसा दिसत नाही. फक्त वाघासाठी सुटी काढली असेल तर ताडोब्याला जा, असेच आम्ही फोनवरही सांगतो. इथे गवा दिसतो, सांबर दिसते, अस्वलाची उकरलेली वारुळे दिसतात, नशिबात असेल तर रानकुत्र्यांची टोळी आडवी जाते.

आणि इथे रानपिंगळा आहे. 1884 नंतर या पक्ष्याचा खात्रीचा पुरावाच मिळाला नव्हता. तो नामशेष झाला असे धरून चालले होते. 1997 साली शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचे दिसून आले. हा पिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणून त्याच्यासाठी रात्री जागायची गरज नाही. गावाकडच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकताना दिसला की गाडी थांबवायला सांगा आणि खाली उतरू नका. आमच्याबरोबर येणारे गाईड इथल्याच कोरकू गावांतले आहेत. त्यांची नजर आपल्या दुर्बिणीच्या आधी पोचते, तेव्हा बोलणे कमी ठेवून त्यांच्या बोटाकडे लक्ष ठेवा.

कोलकासचे विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर, उंचावर आहे. दुपारची झोप सोडून व्हरांड्यात बसलात तर खाली पाण्यावर कोण येते-जाते ते दिसते. मेळघाटच्या पाच नद्यांपैकी ही एक. खापरा, खंडू, गाडगा, डोलार आणि सिपना, या सगळ्यांचे पाणी तापीला जाते. सेमाडोहच्या कुट्याही सिपनाकाठीच आहेत आणि तिथे गाव जवळ असल्याने लहान मुले, म्हातारी माणसे बरोबर असतील तर आम्ही सेमाडोहच सुचवतो.

कधी यावे? पावसाळ्यात जंगलाच्या गाभ्यातली (कोअर भागातली) सफारी बंद असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडते, उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड शाल हवीच. आम्हाला विचाराल तर मार्च. सागाची पाने गळून जंगल मोकळे झालेले असते, पळस फुललेला असतो आणि मोह टपकायला लागतो. पहाटे झाडाखाली पिवळट, रसाळ फुलांचा सडा पडलेला दिसेल. गावातल्या बायका आणि अस्वले दोघेही त्यावर येतात, म्हणून गाईडशिवाय मोहाखाली जाऊ नका. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीची खुशाली मागतात. सुटे पैसे जवळ ठेवा आणि आनंदाने द्या. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी बघायचे असतात, त्याची नोंदणी वनविभाग स्वतंत्रपणे करतो, ती या सहलीत येत नाही.

मुंबईहून अंबा एक्स्प्रेसने सकाळी अमरावतीला उतरता येते. नागपूर-भुसावळ मार्गावरच्या इतर गाड्यांसाठी बडनेरा स्टेशन. अमरावती ते परतवाडा साधारण 50 किलोमीटर, तिथून सेमाडोह जवळपास तेवढेच, पण घाटाचे. परतवाडा-धारणी एसटी सेमाडोहवरून जाते. पैसे वाचवायचे असतील तर एसटीनेच या, सफारीची जिप्सी तेवढी आम्ही लावतो. वळणे लागतात त्यांनी परतवाड्यात पोटभर खाऊ नये.

जेवण साधे असते: वरण-भात, पोळी, एक भाजी, सांगितल्यास झुणका-भाकर. किती माणसे जेवणार ते आदल्या दिवशीच सांगा, कारण किराणा लांबून आणावा लागतो. परतीला चिखलदऱ्यावरून जाणार असाल तर गवळ्यांकडची रबडी जरूर खा.

मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. घरच्यांना परतवाड्यातूनच फोन करा. टॉर्च, रोजची औषधे आणि पुरेशी रोख रक्कम बरोबर ठेवा. शेकोटीचा आग्रह धरू नका. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो आणि वाळलेल्या पाल्याला एक ठिणगी पुरते. विडी-सिगारेटचेही तेच. अंधार पडल्यावर कुटीच्या आवाराबाहेर जायचे नाही, ही अट सर्वांना लागू आहे.

नोंदणीसाठी प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो. गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावे लागते, झेरॉक्स चालत नाही. चालू दरांचा कागद या पत्रकाला जोडला आहे. दर बदलले तर पैसे भरण्याआधी तुम्हाला कळवू.