मनाने कोसळलेलं मूल कॅज्युअल्टीच्याच दारात का येतं

रात्री-अपरात्री एखादं मूल जिवाचं बरंवाईट करायचं बोलायला लागलं की आईवडील त्याला घेऊन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत धावतात, कारण रात्रभर उघडं असणारं तेवढं एकच दार त्यांना माहीत असतं. पण ते दार अशा मुलांचा विचार करून उघडलेलं नव्हतंच.

मुलांच्या मनाचे उपचार सुरू झाले ते अपॉइंटमेंट घेऊन. १८९६ मधे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्लिनिक काढलं ते शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठी, १९०९ मधे शिकागोत डॉक्टर विल्यम हीली बाल न्यायालयात येणारी मुलं तपासायला लागले. कामं मोलाची, पण त्यात मध्यरात्रीची धावपळ नव्हती. तातडीच्या मदतीचा विचार आला मोठ्यांसाठी. १९४२ मधे बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना आणि वाचलेल्यांना भेटून मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी १९४४ मधे मांडलं की पहिल्या काही आठवड्यांतच आधार मिळाला तर पुढचं बरंच बिघडणं टळू शकतं.

मला सगळ्यात लागतं ते चॅड वारा यांचं. १९३५ मधे या तरुण पाद्रीने १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला, तिला पाळी आली होती आणि तिला वाटलं आपल्याला घाणेरडा रोग झालाय, विचारायला कोणी नाही, म्हणून तिने जीव दिला. ते मनात ठेवून त्यांनी १९५३ मधे लंडनमधे फोनवर ऐकून घेणारी समॅरिटन्स सेवा सुरू केली. म्हणजे सुरुवात एका मुलीच्या मरणातून, पण ब्रिटनमधे खास मुलांसाठीची चाइल्डलाइन यायला १९८६ उजाडलं! एवढी वर्षं मुलांनी कुणाला फोन करायचा होता?

दरम्यान १९६० नंतर अमेरिकेत मोठी मनोरुग्णालयं रिकामी होत गेली, वस्तीपातळीवर जी केंद्रं यायची होती ती पुरेशी आलीच नाहीत, आणि सगळा भार कॅज्युअल्टीवर पडला. तिथल्या डॉक्टरांसाठी २०१२ मधे चार प्रश्नांची छोटी चाचणी आली, २० सेकंदांत कळतं मूल आत्महत्येच्या विचारात आहे का. पण कळल्यावर पाठवायचं कुठे? बेड नसतो, मग ते पोर तिथेच ट्यूबलाइटखाली कधीकधी दिवसेंदिवस पडून राहतं. ऑक्टोबर २०२१ मधे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या, बालमनोविकारतज्ज्ञांच्या आणि मुलांच्या हॉस्पिटल्सच्या संघटनांनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याच्या संकटाला राष्ट्रीय आणीबाणी म्हटलं, आणि त्यांच्या मागण्यांत कॅज्युअल्टीत अडकून पडणाऱ्या मुलांचा मुद्दाही होता.