डार्क रोमान्स

डार्क रोमान्स : अपहरण, पाळत, जबरदस्ती, सूड, माफियांचे जग अशा अस्वस्थ करणाऱ्या विषयांतून प्रेमकथा उभी करणारा इंग्रजी लोकप्रिय कादंबरीचा एक उपप्रकार. नायक पुष्कळदा खलनायकच असतो. तरी शेवटी दोघे एकत्र येतात. हा गोड शेवट नसेल, तर वाचक त्या पुस्तकाला सहसा रोमान्स मानत नाहीत.

असे लेखन नवे नाही. ई. एम. हल यांच्या ‘द शेख’ (१९१९) या कादंबरीत अल्जीरियाच्या वाळवंटात एका इंग्रज तरुणीला पळवून नेले जाते, तिच्यावर बलात्कार होतो आणि पुढे ती त्याच पुरुषाच्या प्रेमात पडते. पुस्तक तडाखेबंद खपले. १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन त्यावर मूकपटही निघाला, तो मात्र बराच सौम्य करून. वाचकांना हे सरसकट रुचत होते असेही नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने रोमान्स वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९८४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांच्या नावडीच्या यादीत बलात्कार आणि दुःखान्त या गोष्टी अगदी वर होत्या. आजच्या डार्क रोमान्सने दुःखान्ताला असलेली बंदी पाळली, दुसरी मोडली.

हे शक्य झाले स्वप्रकाशनामुळे. संपादकाची चाळणी नसल्याने २०१०नंतर अशी पुस्तके थेट ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या मंचावर येऊ लागली. पुढे टिकटॉकवरील ‘बुकटॉक’ने, म्हणजे पुस्तकांविषयी छोट्या चित्रफिती टाकणाऱ्या वाचकांच्या गोतावळ्याने, ती तरुण वाचकांपर्यंत नेली. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. इथली चर्चा इन्स्टाग्रामवर चालते.

या पुस्तकांचे पहिले पान पाहण्यासारखे असते. कथेआधीच लेखिका ‘ट्रिगर वॉर्निंग’ देते : पाठलाग, मानवी तस्करी, संमतीविना संभोग, आत्महत्येचे उल्लेख, अशी ओळीने यादी. खाली बहुधा ‘तुमचे मानसिक आरोग्य महत्त्वाचे आहे’ हे वाक्य. एच. डी. कार्लटन यांच्या ‘हॉंटिंग ॲडेलिन’मध्ये (२०२१) अशी सूचना आहे. ती सावध करते तशी जाहिरातही करते. यादी वाचून पुस्तक मागवणारे कमी नाहीत. वाचनाचे गमकही बहुधा इथेच असावे. नायिकेच्या हातात काही नसते. वाचणारीला मात्र काय घडणार हे आधी कळलेले असते, शेवटाची हमी असते आणि पुस्तक केव्हाही मिटता येते. प्रत्यक्षात असा पुरुष तिला हवा असतो, हा निष्कर्ष उथळ आहे.

आक्षेप तरीही उरतात. पाळत ठेवणे म्हणजे जिवापाड प्रेम, असे सतत रंगवले जाते आणि फुलाफुलांच्या निरागस मुखपृष्ठामुळे ही पुस्तके अल्पवयीन मुलींच्याही हाती पडतात. इथे सूचनेचे पान पुरत नाही.

मराठीत याची सौम्य भावंडे ‘प्रतिलिपी’सारख्या ऑनलाइन कथा-मंचांवर भागाभागाने वाचली जातात : जबरदस्तीचे लग्न, तापट धनाढ्य नायक आणि खाली ‘पुढचा भाग लवकर टाका’ अशा प्रतिक्रिया.