सेकंदाला जास्त व्यवहार म्हणजे चांगली ब्लॉकचेन?

‘ज्या ब्लॉकचेनवर सेकंदाला सर्वांत जास्त व्यवहार होतात, विकेंद्रित ॲप तिच्यावरच बांधावं’ असा तुलनातक्ता वर्षानुवर्षं फिरतोय. (ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर सारखीच ठेवलेली व्यवहारांची वही, विकेंद्रित ॲप म्हणजे एका कंपनीच्या सर्व्हरऐवजी तिच्यावर चालणारं ॲप.) आकडा मोजता येतो, म्हणून तो पटतोही.

पण आधी मोजलंय काय ते पाहू. सगळे व्यवहार सारखे नसतात. इथेरियम या ब्लॉकचेनवर तिचं चलन, इथर, नुसतं पाठवायला २१,००० गॅस (संगणकाला पडणाऱ्या कामाचं माप) लागतो. टोकनांची (तिच्यावरच्या इतर डिजिटल नाण्यांची) अदलाबदल बहुधा लाखाच्या वर जाते. तक्त्यातला आकडा अनेकदा पहिल्या, हलक्या प्रकारावरून काढलेला असतो, तोही चाचणीत. सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनवर तर पडताळणी करणाऱ्या संगणकांची, नोंदी बरोबर असल्याबद्दलची मतंही व्यवहार म्हणूनच नोंदली जात आली आहेत. यात लपवाछपवी नाही, तक्ता बनवणारे ती वजा करत नाहीत इतकंच.

वेगाची किंमतही असते. इथेरियमचा नोड (वहीची प्रत ठेवून ती तपासणारा संगणक) घरच्या चांगल्या संगणकावर चालतो. सोलानाच्या व्हॅलिडेटरला, म्हणजे पडताळणी करणाऱ्या संगणकाला, २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम लागते. म्हणजे पडताळणी करू शकणारे कमी.

पडताळायचं असेल तर त्या ब्लॉकचेनचा एक्सप्लोरर (तिचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) उघडा, मतं वगळून दिवसभराचे व्यवहार पाहा आणि त्यांना ८६,४०० ने, म्हणजे दिवसातल्या सेकंदांनी, भागा. मग व्यवहार कायम व्हायला किती वेळ लागतो ते बघा. इथेरियमवर ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) १२ सेकंदांनी येतो, पण पक्का व्हायला साधारण १३ मिनिटं जातात. खेळाच्या ॲपला हा फरक जाणवणारही नाही, मोठ्या रकमांच्या ॲपला नक्की जाणवेल.