नऊ बिंदूंचे प्रतल आणि फेराइटची भट्टी

गोव्यात लोहखनिज म्हटले की डिचोली, सत्तरी आणि सांग्याच्या खाणी आठवतात, मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदराकडे जाणारे बार्ज आठवतात. याच खनिजाच्या टाकाऊ भागातून फेराइटसाठी लागणाऱ्या प्रतीचे आयर्न ऑक्साइड मिळवण्याचे संशोधन ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात झाले आहे, आणि त्याची चर्चा खाणींच्या चर्चेइतकी व्हायला हवी होती असे मला वाटते. फेराइट म्हणजे आयर्न ऑक्साइडबरोबर निकेल, जस्त, मँगनीज यांसारख्या धातूंची ऑक्साइडे भाजून तयार होणारा चुंबकीय पदार्थ. तो चुंबकीय असूनही विजेचा वाहक म्हणून दुबळा असल्यामुळे उच्च वारंवारतेला त्यात ऊर्जेचा अपव्यय कमी होतो. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये त्याचा शोध लावला. त्याच्या चुंबकत्वाचा उलगडा लुई नेल यांनी १९४८ मध्ये केला.

असा पदार्थ हवा तसा घडवताना खरी अडचण येते ती प्रयोगांच्या संख्येची. जस्ताचे प्रमाण, भुकटी दळण्याचा वेळ, भट्टीचे तापमान आणि भाजण्याचा कालावधी हे चारच घटक घेतले आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या तपासायच्या ठरवल्या, तरी ८१ नमुने भाजावे लागतात. प्रयोगांच्या आखणीत वापरला जाणारा एक तक्ता हे काम ९ नमुन्यांत करून देतो, आणि तो तक्ता मुळात भूमितीतली एक आकृती आहे.

ती भूमिती लांबी आणि कोन मोजत नाही. मोजके बिंदू, मोजक्या रेषा आणि कोणता बिंदू कोणत्या रेषेवर आहे एवढेच ती पाहते, म्हणून तिला सांत आपतन भूमिती म्हणतात. इटलीच्या जीनो फानो यांनी १८९२ मध्ये विचारात घेतलेल्या, आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतलात ७ बिंदू आणि ७ रेषा आहेत. आपला तक्ता ज्या प्रतलातून येतो त्यात ९ बिंदू आणि १२ रेषा असून कोणत्याही दोन बिंदूंतून नेमकी एकच रेषा जाते. या १२ रेषांचे, प्रत्येकी तीन समांतर रेषांचे, चार गट पडतात. आता प्रत्येक बिंदू म्हणजे एक नमुना, प्रत्येक गट म्हणजे एक घटक आणि गटातली प्रत्येक रेषा म्हणजे त्या घटकाची एक पातळी असे समजावे. वेगवेगळ्या गटांतील दोन रेषा एकाच बिंदूत मिळतात, त्यामुळे कोणत्याही दोन घटकांच्या पातळ्यांची प्रत्येक जोडी ९ नमुन्यांत नेमकी एकदा येते. सगळी काटकसर एवढ्यावर उभी आहे.

ही भूमिती आणि प्रयोगांची आखणी या दोन गोष्टी जुळल्या त्या कोलकात्यात. गणिती लेओनहार्ट ऑयलर यांनी १७८२ मध्ये ३६ अधिकाऱ्यांचे कोडे मांडले होते: सहा पलटणींपैकी प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचा प्रत्येकी एक अधिकारी घेऊन ते ६ × ६ चौरसात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. हे शक्य नाही असे त्यांना वाटत होते, आणि १० व १४ सारख्या, चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या संख्यांनाही ते शक्य नसावे असा त्यांचा अंदाज होता. विसाव्या शतकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी लॅटिन चौरस, म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे चौरस, शेतीच्या प्रयोगांत आणले. भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये दाखवले की परस्परलंब, म्हणजे एकमेकांवर ठेवल्यास चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येणाऱ्या, लॅटिन चौरसांचा पूर्ण संच आणि सांत प्रतल ही एकाच रचनेची दोन रूपे आहेत. सी. आर. राव यांनी चाळिशीच्या दशकात ही कल्पना व्यापक करून लंब सारण्या, म्हणजे वरच्या नऊ नमुन्यांच्या तक्त्यासारखे तक्ते, मांडल्या. पुढे जपानी अभियंते गेनिची तागुची यांनी त्या कारखान्यांत रुजवल्या. पन्नाशीच्या दशकात ते स्वतः भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन गेले होते.

मराठी वाचकाने एक नाव आवर्जून लक्षात ठेवावे: शरदचंद्र शंकर श्रीखंडे. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा सांभाळणाऱ्या श्रीखंडे यांनी बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये ऑयलर यांचा अंदाज खोटा ठरवला. २ आणि ६ या संख्या वगळता सर्वत्र परस्परलंब जोडी मिळते, हे त्यांनी सिद्ध केले. श्रीखंडे २०२० मध्ये १०२ वर्षांचे होऊन निवर्तले.

नऊ नमुन्यांच्या तक्त्याला मर्यादा आहे, आणि फेराइटच्या बाबतीत ती जाचक ठरते. घटकांचा एकमेकांवरील परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही, आणि तापमान व कालावधी हे तर भट्टीत हातात हात घालूनच काम करतात. म्हणून हा तक्ता पहिल्या चाचणीसाठी वापरावा, निष्कर्षासाठी नव्हे. १९९५ मध्ये एकाच पट्टीवर शंभराहून अधिक संयुगे एकाच वेळी तयार करून तपासण्याची पद्धत पुढे आली, २०११ मध्ये अमेरिकेने संगणकाच्या मदतीने नवे पदार्थ शोधण्याचा मोठा उपक्रम सुरू केला. तरी भट्टी एकच आणि हाती महिने मोजके, अशा प्रयोगशाळेत आखणीचा प्रश्न आजही तोच आहे.

त्यात ऑयलर यांचे कोडेही अधूनमधून डोके वर काढते. गॅस्टन टॅरी यांनी १९०० च्या सुमारास सर्व शक्यता तपासून ६ साठी उत्तर नाही हे दाखवले. त्यामुळे चार घटक प्रत्येकी सहा पातळ्यांवर तपासणारा ३६ नमुन्यांचा असा तक्ता कुणालाही कधीच मिळणार नाही. पातळ्या पाच केल्या तर तो २५ नमुन्यांत मिळतो, सात केल्या तर ४९ मध्ये.