हिमालय कुठला आणि काराकोरम कुठला?

जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर के-टू (८६११ मीटर) हिमालयात नाही, काराकोरममध्ये आहे. तरीही बातम्यांत आणि ट्रेकिंगच्या गप्पांत ते सर्रास ‘हिमालयातलं शिखर’ होऊन जातं. यात आपल्या शालेय भूगोलाचाही थोडा हात आहे. तिथे काराकोरम ‘ट्रान्स-हिमालय’ या सदरात येतो, आणि मग तो हिमालयाचंच परसदार असावं असं वाटू लागतं.

नकाशावरची हद्द सोपी आहे. पश्चिमेला सिंधू नंगा पर्वताला वळसा घालून दक्षिणेकडे उतरते, पूर्वेला त्सांगपो, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा, नामचा बरवा शिखराला वळसा घालते. या दोन वळणांमधली सुमारे २४०० किलोमीटरची कमान म्हणजे हिमालय. काराकोरम त्याच्या वायव्येला, सिंधू आणि श्योक या नद्यांच्या पलीकडे, जेमतेम ५०० किलोमीटर पसरलेला. पण त्यात आठ हजार मीटरवरची चार शिखरं आहेत, आणि चारही बाल्तोरो हिमनदीच्या माथ्याशी एकमेकांना खेटून उभी!

खडकांची कुळंही वेगळी. हिमालय मुख्यतः भारतीय भूपट्टाच्या दुमडलेल्या कडेचा बनला आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर सागरी जीवाश्म असलेला चुनखडक सापडतो तो त्यामुळेच. काराकोरम मात्र आशियाच्या बाजूचा. बाल्तोरोजवळचे ट्रँगोचे सरळसोट सुळके ग्रॅनाइटचे आहेत.

इथवरचं पाठ करता येतं. खरा फरक समजतो तो बर्फ कधी पडतो हे पाहिल्यावर. मध्य आणि पूर्व हिमालयाला बहुतेक पाणी मोसमी वारे देतात, जून ते सप्टेंबर. म्हणजे तिथल्या हिमनद्यांवर बर्फ साठण्याचा आणि वितळण्याचा हंगाम एकच. हवा थोडी तापली की वितळणं वाढतं, शिवाय जे बर्फ म्हणून पडायचं ते पाऊस म्हणून पडतं, नुकसान दुहेरी. काराकोरमपर्यंत मोसमी वारे पोचतात ते थकून. तिथे बर्फ येतो मुख्यतः हिवाळ्यात, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे हिवाळी वादळांबरोबर, आणि कडाक्याच्या थंडीत टिकून राहतो. उंची आणि हिमस्खलनं उरलेलं काम करतात. काराकोरममधली सियाचीन हिमनदी ७० किलोमीटरहून लांब आहे. हिमालयातली गंगोत्री सुमारे ३० किलोमीटर.

म्हणूनच हिमालयातल्या हिमनद्या आक्रसत असताना काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या दशकानुदशकं जवळपास स्थिर राहिल्या, काही तर वाढल्या. हिमनद्यांचे अभ्यासक केनेथ ह्युइट यांनी २००५ मध्ये याला ‘काराकोरम विसंगती’ म्हटलं. ‘हिमनद्या वितळत नाहीत’ असं ठासून सांगायला हाच दाखला वापरला जातो, आणि तो वापर चुकीचा आहे: एका रांगेचं वेगळेपण अख्ख्या पर्वतप्रदेशावर थापता येत नाही. शिवाय हा तोलही ढळू लागल्याच्या खुणा अलीकडच्या मोजणीत दिसतात. आणि स्थिर म्हणजे शांत, असंही नाही. इथल्या काही हिमनद्या मध्येच उसळून वेगाने पुढे सरकतात आणि नदी अडवतात. पाकिस्तानातल्या हुंझा खोऱ्यातली शिस्पर हिमनदी २०१८ पासून अशीच पुढे सरकली; तिने अडवलेलं तळं मे २०२२ मध्ये फुटलं आणि काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला.

हाच फरक झाडांतही उतरतो. पूर्व हिमालयात पायथ्याच्या सालवनापासून वर चढावं तसे ओक, मग सूचिपर्णी वृक्ष, मग ऱ्होडोडेंड्रॉन लागतात, आणि झाडं थेट ४००० मीटरच्या आसपासपर्यंत साथ देतात. तांबडा पांडा याच ओल्या जंगलाचा रहिवासी. काराकोरममध्ये उलटं: दरीचा तळ सर्वात कोरडा. तिथे दवण्याच्या कुळातली आर्टेमिसियाची झुडपं आणि ओढ्याकाठी काटेरी सीबकथॉर्न. जिथे ओल पुरते अशा मधल्या उतारांवर कुठेकुठे जुनिपरचे पुंजके. गावं हिरवी दिसतात ती हिमनदीतून खोदून आणलेल्या पाटांच्या पाण्यावर. आयबेक्स हे रानबोकड इथले सहज भेटणारे. पाकिस्तान-चीन सीमेलगतचं खुंजेराबचं राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये स्थापन झालं ते मुख्यतः मार्को पोलो मेंढ्यासाठी. हिमबिबट्या तेवढा दोन्हीकडे आहे, त्याला आपल्या हद्दी ठाऊक नाहीत.

आता ही हिमालय-काराकोरम विभागणी कुठे अडखळते तेही पाहा. नंगा पर्वत (८१२६ मीटर) जागेने आणि खडकाने हिमालयाचा. पण त्याच्या उत्तरेला सिंधूकाठी, चिलासच्या आसपास, उघडंबोडकं वाळवंट आहे. त्यातून वर चढलं की राइकोटच्या बाजूला पाइनची जंगलं आणि त्यावर हिमनदी. जागा विचारली तर उत्तर येतं ‘हिमालय’, दरीतली झुडपं पाहिली तर ‘काराकोरम’, आणि दोन्ही उत्तरं बरोबर.