वळचण व झालर (खानदेश)

वळचण व झालर : छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग व त्याखालची जागा म्हणजे वळचण. तिच्या कडेला वाशांची उघडी टोके झाकण्यासाठी उभी ठोकलेली फळी किंवा पत्र्याची पट्टी म्हणजे झालर. वळचणीला खालून फळ्या मारून ती बंद केली, तर त्या फळ्यांना तक्तपोशी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत खानदेशातील, म्हणजे मुख्यतः आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील घरांच्या या भागांचा व त्यांच्या दुरुस्तीचा विचार केला आहे.

संज्ञा : अमरकोशाच्या पुरवर्गात छपराच्या कडेला ‘वलीक’ व ‘नीध्र’ हे दोन शब्द दिले आहेत आणि त्यांच्या पुढे छपर तोलणाऱ्या वाकड्या लाकडासाठी ‘गोपानसी’ हा शब्द येतो. अमरकोशकार अमरसिंहाचा काळ निर्विवाद नाही. तो साधारणपणे इ. स. ४ थे ते ६ वे शतक या दरम्यान धरतात. ‘वळचण’ हा शब्द वलीकाशी जोडण्याचा मोह होतो. दुसरी वाट ‘वळणे’ या क्रियापदाची : पाखे (छपराची उतरती बाजू) जेथे भिंतीवरून पुढे वळते ती जागा. ध्वनीच्या दृष्टीने दुसरी व्युत्पत्ती सरळ वाटते, मात्र शब्दाच्या शेवटच्या ‘चण’चा उलगडा दोन्हींपैकी एकीनेही नीट होत नाही. ‘नीध्र’ (पाठभेद ‘नीव्र’) या शब्दाचा वंश मात्र बराच स्पष्ट आहे. गुजरातीतील ‘नेवां’ हा त्याच कुळातला शब्द असून त्याचा अर्थ छपराची कड असाच आहे. मराठीत ‘वळचणीचे पाणी आढ्याला जाणे’ असे म्हणतात, तर गुजरातीत नेवांचे पाणी मोभाला चढत नाही अशी म्हण आहे. मोभ म्हणजे आढेच, छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड. तापीच्या खोऱ्यात या दोन्ही भाषा शेकडो वर्षे शेजारी नांदल्या आहेत. त्यामुळे म्हण कोणी कोणाकडून घेतली हे ठरवण्यापेक्षा दोन्हींमागे एकच उतरते छप्पर आहे असे मानणे अधिक योग्य. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो (डोळा–डोया, केळी–केयी). त्याच नियमाने पागोळीची ‘पागोयी’ होते. पागोळी म्हणजे वळचणीच्या कडेवरून गळणारी पाण्याची धार. पन्हळ तीच धार झेलतो.

छपराची ही कड किती जुनी आहे, याची साक्ष खानदेशाच्या दक्षिण सीमेलगतच्या लेण्यांत मिळते. अजिंठा व पितळखोरा येथील जुन्या चैत्यगृहांची (बौद्ध प्रार्थनागृहांची) घडण लाकडी बांधणीची दगडातली नक्कल आहे आणि त्यांच्या चैत्यगवाक्षांच्या (दर्शनी कमानदार खिडक्यांच्या) कमानीखाली लाकडी टोकांच्या रांगा कोरण्याचा प्रघात होता. पुढे मंदिरवास्तूत ‘कपोत’ म्हणून जो बाहेर झुकलेला थर येतो, तोही छपराच्या कडेचेच दगडी रूप आहे. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मध्ययुगीन मंदिरे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

घरांचे प्रकार : खानदेशातील सपाटीवरचे जुने घर हे मुळात धाब्याचे घर. भिंतींवर सर (जाड तुळया), सरांवर कड्या (आडवी बारीक लाकडे), कड्यांवर तुराट्या किंवा फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना असते. धाब्याला पाखे नाही, म्हणून खरी वळचणही नाही. पाणी परनाळीतून (भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून) दूर फेकले जाते. सपाटीवर वर्षाला साधारण ६०० ते ७५० मिमी पाऊस पडतो. त्याला हे छप्पर पुरे पडते आणि वैशाखातल्या ४५ अंशांच्या उन्हात ते घर थंड ठेवते. वळचण येते ती ओट्यावरच्या पडवीला, माडीच्या कौलारू छपराला आणि पेठेतल्या दुकानांपुढच्या छपरीला. घर धाब्याचे आणि पुढची पडवी कौलाची किंवा पत्र्याची, अशी जोडरचना पारोळा, एरंडोल, अमळनेर, चोपडा या गावांच्या जुन्या वस्तीत सहज आढळते.

झालरीचा उगम : दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार कोरीव झालर ही वाड्यांच्या लाकूडकामाची परंपरा असून पश्चिम खानदेशात तिला गुजरातकडील कोरीव घरांचे वळण मिळाले. दुसऱ्या मतानुसार ती रेल्वेबरोबर आली. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि १९ व्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा मार्ग सुरू झाला. स्थानके, फलाट आणि कर्मचाऱ्यांच्या चाळी यांच्या छपरांना टोकदार किंवा अर्धगोल दातांच्या फळ्या लावण्याची त्या काळी रीत होती. घडणीकडे पाहिले तर दुसऱ्या मताकडे झुकावे लागते. वाड्याचे जुने कोरीव काम तुळयांची टोके, हस्त (तुळईखालचे आधार) आणि चौकटी अशा जाड लाकडावर असते. झालर मात्र २० ते २५ मिमी जाडीच्या पातळ फळीची असते. तिची नक्षी करवतीने कापलेली आणि एकाच साच्यावरून पुन्हा पुन्हा काढलेली असते. शिवाय अशा सरळ कडेला सारख्या मापाचे कौल लागते. मंगळूरला बासेल मिशनने साच्यातील कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि पुढे रेल्वेने ती कौले देशभर गेली. हाताने थापलेल्या नळीच्या कौलांची कड वाकडीतिकडी असते व तिच्यापुढे सरळ फळी शोभत नाही. म्हणून झालरीचा सर्वसाधारण प्रसार १९ व्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला किंवा त्यानंतरचा धरावा. जुन्या कोरीव परंपरेचा हात त्या नक्षीत असू शकतो. पातळ फळीची रीत मात्र नवी. नालीदार पत्र्याचे एकस्व (पेटंट) लंडनमध्ये १८२९ मध्ये नोंदले गेले असले, तरी खानदेशातील गावांत पत्रा व पत्र्याची कातीव झालर बऱ्याच उशिरा आली.

बिघाड : पाऊस कमी म्हणून खानदेशात वळचण टिकते, ही समजूत अर्धवट आहे. येथे लाकडाचा पहिला शत्रू ऊन. मार्च ते मे या महिन्यांत फळी सुकून आकसते, उभी चिरते, खिळे सैल होतात आणि रंगाला भेगा पडतात. मग मेअखेरीच्या वादळात, ज्यात रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागा आडव्या होतात, वारा वळचणीखाली शिरून पत्रा व सैल झालर उचलतो. त्यानंतर मृगाचे पाणी तयार भेगांतून वाशाच्या टोकात मुरते. वाशाचे टोक म्हणजे आडवे कापलेले लाकूड. ते फळीच्या सपाट अंगापेक्षा कितीतरी वेगाने पाणी पिते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी वाढू लागते. झालर वाशांना घट्ट चिकटून असल्याने मागचे पाणी वाळत नाही आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतून लाकूड भुसभुशीत होते. उधई (वाळवी) बहुधा भिंतीतल्या मातीतून वर चढते. भिंतीवर तिची मातीची नळी दिसली तर ती कोणत्या वाशापर्यंत गेली हे पाहावे. भुंगे फळीच्या खालच्या कडेला बोट जाईल एवढी गोल भोके पाडतात.

पाणी मागे वळण्याची कारणे ठरावीक आहेत. कडेचे कौल झालरीच्या पुढे सुमारे ५० मिमी आलेले नसले तर पागोळी फळीच्या मागे उतरते. पन्हळ कडुनिंबाच्या पाल्याने किंवा चिमण्यांच्या काडीकचऱ्याने तुंबला तर तो मागच्या काठावरून ओसंडतो. पन्हळाला दर ३ मीटरला १० ते १५ मिमी तरी उतार हवा. आकड्या सैल होऊन मध्ये झोळ पडला की पाणी तेथेच साचते. यातले नेमके कारण सापडल्याशिवाय फळी बदलणे म्हणजे तीच फळी काही वर्षांनी पुन्हा बदलणे. कुजक्या फळीवर नवा पत्रा मढवण्याची पद्धत हल्ली फार वाढली आहे. ती नुकसानकारक आहे, कारण पत्र्याआड कुजणे थांबत नाही, फक्त दिसायचे थांबते.

दुरुस्ती : हे काम आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग या तीन ते सात आठवड्यांत करण्याची रीत आहे. आखाजीला सालदाराचे (वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याचे) जुने साल संपून नवे लागते, शेतात काम कमी असते आणि लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे असते. धाब्यावर पांढरी माती टाकण्याचे कामही याच दिवसांत होते.

आधी टोच्याने किंवा पटाशीच्या टोकाने फळीची खालची कड आणि प्रत्येक वाशाचे टोक दाबून पाहतात. निरोगी सागात टोक जेमतेम शिरते, कुजक्यात सहज रुतते. झालर काढताना खालचे खिळे आधी उपटावेत आणि फळी एकसंध उतरवावी, कारण नक्षीचा साचा तिच्यावरूनच घ्यायचा असतो. जुनी सागाची झालर बहुतेक वेळा दोन्ही टोकांना व जोडावरच कुजलेली असते. तेवढाच तुकडा बदलून बाकीची वाचवता येते. नवा तुकडा ४५ अंशांच्या तिरक्या सांध्याने जोडावा व सांधा वाशाच्या मध्यावर आणावा, दोन वाशांच्या मधल्या पोकळीत ठेवू नये.

वाशाचे टोक थोडे कुजले असेल तर निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा बाजूला जोडतात. हा जोडवासा छपराबाहेर जितका येतो, त्याच्या दुप्पट तरी आत गेलेला असावा आणि बोल्टने आवळावा. नुसत्या खिळ्यांवर भार टाकू नये. लाकूड सागाचे घ्यावे. परवडत नसेल तर जुन्या घरातून निघालेला मुरलेला कडुनिंब हिरव्या बाभळीपेक्षा बरा. अंजनाचे लाकूड अतिशय टिकाऊ, पण जड व चिवट असल्याने पातळ झालरीला सोयीचे नाही.

फळी चढवण्यापूर्वी तिची मागची बाजू, कडा आणि कापलेली टोके यांना दोन हात बेल तेल (उकळलेले जवसाचे तेल) किंवा प्रायमर पाजावा. ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि फळीचे आयुष्य हिच्यावरच ठरते. समोरून कितीही रंग दिला तरी मागून पिणारी फळी वाचत नाही. खिळ्यांऐवजी जस्त चढवलेले स्क्रू वापरावेत आणि दोन फळ्यांच्या टोकांत २-३ मिमी फट ठेवावी. चिरा लांबीने (पुट्टीने) भरून, घासून मगच रंग द्यावा. पत्र्याच्या छपराला कडेच्या ओळीतले हूक बोल्ट व त्यांचे डांबरी वॉशर दरवर्षी तपासावेत. वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात. सिमेंटचे जुने पत्रे कापू किंवा फोडू नयेत, त्यांच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

तक्तपोशी करताना हवा खेळती राहील याची सोय हवी. जुन्या घरात भिंतीचा माथा आणि कौले यांमधली फट धूर व उष्ण हवा बाहेर काढत असे. ती पूर्ण बंद केल्यास पत्र्याखालची हवा तापत राहते आणि पावसाळ्यात लाकूड ओले राहते. म्हणून झालरीलगत किमान १० मिमीची सलग फट ठेवून तिच्यावर बारीक जाळी मारावी. बंद करण्याआधी आत घरटे आहे का हे पाहावे आणि पिले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. जळगाव हे प्लॅस्टिक उद्योगाचे केंद्र असल्याने पीव्हीसीच्या पट्ट्या सहज मिळतात व उधई त्यांना लागत नाही. मात्र थंडीतली रात्र आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पट्टीच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर ३ मीटरची पट्टी सुमारे ९ मिमी वाढते. दोन्ही टोकांना जागा न ठेवल्यास ती फुगून निघते.

छज्जा : स्लॅबच्या घरात वळचणीची जागा छज्ज्याने घेतली आहे. छज्जा एका बाजूने अधांतरी असल्याने त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना माणसे सळयांवरून चालली की त्या खाली दबतात आणि छज्जा मुळापासून कमकुवत राहतो. भिंतीलगत वरच्या बाजूने लांबच लांब भेग दिसली, तर ते काम गिलाव्याचे नाही. टेकू देऊन जाणकार अभियंत्याला दाखवावे. खालचे पोपडे पडणे हा वेगळा आजार आहे. वरून मुरलेल्या पाण्याने सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि गिलावा ढकलून पाडतो. सैल झालेले सगळे ठोकून काढावे, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावी, गंजरोधक लेप द्यावा आणि मगच पॉलिमर मिसळलेला गिलावा करावा. मे महिन्यात काम केले तर गोणपाट बांधून निदान ७ दिवस पाणी मारणे आवश्यक आहे. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक बारीक खाच किंवा नाक काढलेले असते, तेथे थेंब अडून खाली पडतो. दुरुस्तीत गवंडी ती खाच बुजवून टाकतात आणि मग पाणी तळावरून सरळ भिंतीपर्यंत येते. ती पुन्हा काढून घ्यावी.

सातपुड्यातील घरे : धडगाव, अक्कलकुवा व तळोदा या भागांत पाऊस सपाटीपेक्षा बराच अधिक आहे. भिल्ल व पावरा यांच्या कुडाच्या घरांची वळचण खोल व बरीच खाली आलेली असते, जेणेकरून मातीने लिंपलेला कूड भिजू नये. तिला झालर नसते. कड बांबूने बांधून घेतात आणि बांबू खराब झाला की तेवढाच बदलतात.